चिकटोबाने घेतलं सासूबाईंचं नाव

डेअरीत तिला सगळे थोडक्यातबाई म्हणत. तिचं कोणतंही बोलणं ‘थोडक्यात सांगायचं तर’ असं सुरू व्हायचं, आणि हे शब्द कानावर पडले की जुनी माणसं गुपचूप खुर्ची ओढून बसायची. एकदा मॅनेजरने नुसतं विचारलं होतं की तपासणीचं यंत्र बंद का आहे. तिने थोडक्यात सुरुवात केली ती यंत्राच्या जन्मापासून, आणि प्लग निघालाय एवढं कळेपर्यंत मॅनेजरचा चहा गार झाला होता. पण बाई मनाची मोठी. नावावरून कुणी चिडवलं तर सगळ्यांच्या आधी तीच हसायची.

लहानपणी घरात पाच भावंडं होती आणि न्याय करायला आई एकटी. कप फुटला, शाई सांडली, साखर कमी झाली, काहीही झालं तरी आईचा न्याय एकच: रांगेत उभं करायचं आणि प्रत्येकाला एकेक धपाटा. सुक्याबरोबर ओलंही जळायचं. आई म्हणायची, खऱ्या चोरापर्यंत धपाटा पोचला म्हणजे झालं. बाकीच्या चार पाठी कशाला, हा प्रश्न तिला तेव्हापासून छळत होता. चोर एकच असतो, फार तर दोन, आणि तो शोधून काढता येतो, असं तिने त्या रांगेत उभं राहूनच ठरवून टाकलं. पुढे कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं तेही त्याच रागापोटी.

लग्नसुद्धा त्यातूनच जमलं. डेअरीच्या प्रयोगशाळेला रंग द्यायला एक रंगारी आला होता. भिंत अर्धी झाली आणि त्यावर कुठे कुठे पिवळट पट्टे दिसायला लागले. त्याने बारा डबे आणले होते, आणि प्रत्येक बादलीत तीन-चार डब्यांतला रंग ओतून एकत्र केला होता. आता सगळे डबे परत करावे लागणार म्हणून तो डोक्याला हात लावून बसला. तिने विचारलं, कोणत्या बादलीत कोणकोणते डबे गेले? त्याला आठवत होतं. कोणत्या पट्ट्याला कोणती बादली? तेही आठवत होतं. ती पाच मिनिटं भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पाचवा डबा.” पिवळ्या झालेल्या प्रत्येक बादलीत पाचवा होता, आणि शुभ्र राहिलेल्या एकाही बादलीत नव्हता. रंगाऱ्याने पाचवा डबा परत केला, आणि भिंत वाळायच्या आत तिला मागणी घातली.

डेअरीतलं तिचं कामही याच जातीचं होतं. रोज सकाळी साठ घरांतून साठ कॅन दूध यायचं. गाय आजारी पडली आणि तिला औषध टोचलं की काही दिवस ते औषध दुधात उतरतं. तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि तरी कुणीतरी विसरतं, किंवा विसरल्यासारखं करतं. असा एक कॅन मोठ्या टाकीत गेला की विरजणाचा जीव जातो, आणि टाकीभर दूध दही व्हायचं सोडून मख्खासारखं बसून राहतं. यंत्र औषधाचा अंश मोजून आकडा द्यायचं, पण होतं मोठं आळशी. साठ नमुने एकेक करून तपासायचे म्हटले तर टँकर दुपारपर्यंत दारात उभा राहिला असता.

म्हणून ती प्रत्येक कॅनमधलं थोडं थोडं दूध घेऊन वीस मिश्रणं करायची. प्रत्येक कॅन तीन मिश्रणांत, आणि कोणत्याही दोन कॅनची तिन्ही मिश्रणं सारखी नाहीत, अशी तिची मांडणी. यंत्राला तपासायला फक्त वीस नमुने. आता अज्ञात साठ आणि आकडे वीस, असं गणित शाळेतल्या कोणत्याही मास्तरांपुढे ठेवा, ते म्हणतील, हे सुटायचं नाही, उत्तरं हवी तेवढी निघतील. खरंच आहे. पण तिच्या हातात एक जास्तीची गोष्ट होती. गावातल्या सगळ्या गाई एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. साठांतल्या सत्तावन्न-अठ्ठावन्न कॅनचं उत्तर शून्य असणार, हे आधीच माहीत असलं की त्या ढीगभर उत्तरांतलं नेमकं एक उचलता येतं: ज्यात गुन्हेगार सगळ्यात थोडे.

हे उचलण्याचं काम करणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं चिकटोबा. कारण तो महाकंजूष. वीस आकड्यांचा हिशेब लागेल, पण त्यासाठी कुणावर आळ घ्यायचा तर तो जिवावर आल्यासारखा घ्यायचा. त्याची कंजुषी कमीजास्त करायला एक कळ होती. सैल सोडली तर यंत्र जरा थरथरलं तरी चिकटोबा दहा घरांवर संशय घेणार. आवळली तर खरा चोरही सोडून देणार. मॅनेजरला दूध घालणारी माणसं दुखवायची भीती, आणि तिला लहानपणीच्या धपाट्यांची चीड. त्यामुळे कळ कायम आवळलेली असायची. आणि खरं सांगायचं तर चिकटोबाने कधी दगा दिला नव्हता. त्याने नाव घ्यावं, कॅनवाल्याने मान खाली घालून “हो, दिलं होतं औषध” म्हणावं, हे इतक्या वेळा झालं होतं की हल्ली कॅनवाल्याला विचारायची पद्धतच मागे पडली होती. दूध परत पाठवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

साठांतला सतरा नंबरचा कॅन तिच्या घरचा होता, म्हणजे सासूबाईंचा. डेअरीच्या मागच्या रस्त्यावर घर, घरामागे गोठा, त्यात एक तांबडी गाय आणि एक काळी. सासूबाईंचं वय झालं होतं, पण दूध काढायला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दोन्ही गाईंचे लाड असे, की रंगारी म्हणायचा, “मला लहानपणी एवढं खायला घातलं असतं तर मी पैलवान झालो असतो.” इतरांच्या घरी गाईला एक माप खुराक, तर इथे दोन मापं आणि वर गप्पा. सतरा नंबरचं दूध आजवर एकदाही परत आलं नव्हतं, आणि हे सासूबाई रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही सांगत.

त्या गुरुवारी चिकटोबाने तीन नावं काढली. त्यात सतरा नंबर, आणि आकडाही चांगला घसघशीत.

थोडक्यातबाईने खुर्ची पुढे ओढली. तिने हिशेब पुन्हा चालवला. उत्तर तेच. मॅनेजर मागे येऊन उभा राहिला होता.

“घरचाच कॅन की काय हो बाई?”

“आकड्यांना सासू नसते, साहेब,” ती म्हणाली आणि तिने सतरा नंबर बाजूला काढायला सांगितला. वजनकाट्यावरच्या काटेवाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. सुनेने सासूचं दूध परत पाठवलं, ही बातमी टँकरच्या आधी गावभर पोचली.

संध्याकाळी घरी ती तयारीनिशी गेली. सासूबाई भांडणार, आपण समजावून सांगणार, असा तिचा अंदाज. पण सासूबाई शांत होत्या. “तू म्हणतेस म्हणजे असेल,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. भांडला तो रंगारी.

“आईच्या गाईला शिंकसुद्धा आलेली नाही! औषध कुठून येणार?”

“थोडक्यात सांगायचं तर—”

“नको सांगूस,” तो म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने तिला मधे तोडलं होतं.

शुक्रवारी चिकटोबाने पुन्हा सतरा नंबरचं नाव घेतलं. डेअरीचा नियम कडक होता: एका हंगामात दोनदा दूध परत आलं की नंबर बंद. मॅनेजर म्हणाला, “बाई, तुमच्यासाठी नियम वाकवला तर बाकीचे मला वाकवतील.” ते तिलाही पटलं. त्या संध्याकाळी दूध काढायला सासूबाई बसल्याच नाहीत. मुलाला म्हणाल्या, “तू काढ.” भिंतीवर ब्रश फिरवणारा हात सडाला काय लागणार! काळीने एका लाथेत बादली आणि रंगारी दोघांना आडवं केलं. एरवी सासूबाई पोट धरून हसल्या असत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, “उद्या दुपारी व्यापारी येतोय. दोन्ही देऊन टाकू. नंबर नाही तर गाई कशाला ठेवायच्या?”

थोडक्यातबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. नियमाने वागलो, हिशेब दोनदा केला, सासू म्हणून सूट दिली नाही. सगळं बरोबर होतं, आणि तरी आपण काहीतरी भयंकर केलंय असं तिला वाटत होतं. दुपारी गाई जाणार होत्या. एकदा गेल्या की परत यायच्या नाहीत.

शनिवारी सकाळी मॅनेजर प्रयोगशाळेत आला. आधी हवेबद्दल बोलला, मग खिडकीच्या पडद्यांबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय.

“काय झालंय ते सांगा,” ती म्हणाली.

“दही लागलं नाही. गुरुवारचंही नाही आणि कालचंही नाही. मला वाटलं विरजण म्हातारं झालं असेल, म्हणून ताजं घातलं. तरी नाही.”

“पण तिन्ही कॅन तर बाजूला काढले होते!”

“तेच तर म्हणतोय.”

ती ताडकन उठली. गुन्हेगार तुरुंगात आणि चोरी चालूच, म्हणजे तुरुंगात भलताच माणूस. तिने दोन्ही दिवसांचे आकडे समोर ओढले आणि आजवर जिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तिकडे पाहिलं. चिकटोबा तीन नावं घेतो, त्या तिघांमुळे प्रत्येक मिश्रणात किती अंश यावा ते सांगतो, आणि यंत्राने मोजलेल्या आकड्याशी ते तंतोतंत जुळत नाही. थोडंफार उरतं. ते उरलेलं म्हणजे यंत्राची थरथर, असं म्हणून ती सोडून द्यायची. पण थरथर असेल तर ती कधी वर, कधी खाली हवी. कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी. इथे वीसच्या वीस मिश्रणांत उरलेलं वरच्याच बाजूला होतं. सगळीकडे थोडं थोडं, जवळजवळ सारखं.

“हे थोडे नाहीत, साहेब,” ती हळूच म्हणाली. “हे सगळे आहेत.”

मग तिने जे गुरुवारीच करायला हवं होतं ते केलं. फ्रिजमध्ये ठेवलेला सतरा नंबरचा नमुना काढला आणि कशातही न मिसळता, एकटा यंत्राला दिला. औषध निघालं, पण कसं? चिमूटभर. चिकटोबाने लादलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. मग तिने डोळे मिटून कुठलेही सहा कॅन निवडले. पाचांत तशीच चिमूट, सतरापेक्षा जराशी कमी. सहावा कोरा.

“सहावा कुणाचा?” तिने काटेवाल्याला हाक मारली.

“नदीकडच्या आजोबांचा. त्यांची गाय बाहेरचं काही खात नाही, नुसतं घरचं गवत. बाकी सगळ्यांनी या आठवड्यात दुकानातली खुराकाची नवी पोती उचलली ना, स्वस्त मिळाली म्हणून.”

दुकानदाराला फोन लावला, त्याने गिरणीला लावला, आणि अर्ध्या तासात गिरणीवाला चाचरत कबूल झाला. आधल्या आठवड्यात त्याच चक्कीतून आजारी कोंबड्यांसाठी औषध घातलेलं खाद्य दळलं होतं, आणि चक्की धुवायची राहिली होती. घरोघरच्या गाईंनी ते खाल्लं. ज्या घरी लाडाने दोन मापं मिळत होती तिथे जरा जास्त उतरलं, आणि चिकटोबाला तेवढंच पुरलं. सगळ्या गावाचं पाप थोडक्या माणसांत बसवायचं तर ज्याच्या अंगावर डाग जरा ठळक, त्याच्या माथी मारलेलं बरं. कंजूष माणूस दुसरं काय करणार! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पण कळ आवळली होती थोडक्यातबाईने, चिकटोबाने नव्हे. चोर थोडेच असतात, हे तिने त्याच्या डोक्यात इतकं पक्कं भरवलं होतं की सगळे असू शकतात हे म्हणायची त्याला सोयच ठेवली नव्हती.

मॅनेजर सतरा नंबर पुन्हा सुरू करून, नाव आलेल्या बाकी दोघांचाही ठपका पुसून, आता फोनवर पोती परत मागवत होता. तिने घड्याळ पाहिलं आणि पांढऱ्या कोटासकट पळत सुटली.

व्यापारी आलेला होता. तांबडीच्या गळ्यात त्याने नवा दोर घातला होता, काळी लाथेच्या तयारीत होती, आणि सासूबाई दाराच्या पायरीवर बसून दुसरीकडेच बघत होत्या. सुनेने दम खात सगळं सांगितलं: पोती, चक्की, चिमूट, कोंबड्या. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं खरोखर थोडक्यात झालं, कारण श्वास पुरत नव्हता.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मी दिलं नव्हतं?”

“तुम्ही? तुम्ही काय, आई?”

“औषध.” सासूबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. “तांबडीला मागच्या वर्षी टोचलं होतं ना, त्यातली उरलेली बाटली फळीवर होती. तिच्या ताकदीच्या औषधाचीही बाटली तशीच. मला वाटलं, चुकून तीच पाजली असणार मी. आठवत तर नव्हतं. पण आठवत नाही हेच वाईट, असं म्हणतात. म्हटलं, आता आपलं डोकं गेलं. काल तर गॅस बंद केलाय का ते बघायला चारदा उठले.”

थोडक्यातबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण एका धडधाकट बाईला दोन दिवसांत म्हातारी करून टाकलं होतं, आणि दही लागलं असतं तर ते कायमचंच झालं असतं. तिला स्वतःचाच राग आला.

“मग भांडला का नाहीत माझ्याशी?”

“कशी भांडणार? तू यंत्राला विचारलंस. मॅनेजरला सांगितलंस. काटेवाल्यालासुद्धा सांगितलंस. मला विचारलंस कुठे? विचारलं असतंस तर म्हटलं असतं ना, नाही दिलं म्हणून. कुणीच विचारलं नाही, तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे.”

“चुकले, आई. माझंच चुकलं.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. सून खरंच चुकली आहे, यात काही फसवाफसवी नाही, हे पटलं तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. त्या उठल्या, तांबडीच्या गळ्यातला दोर काढून व्यापाऱ्याच्या हातात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “गाई विकायच्या नाहीत. सूनबाईची चूक सापडलीय!”

व्यापारी बिचारा दोर गुंडाळून गेला. सासूबाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. चपला घातल्या आणि सुनेला पांढऱ्या कोटासह बरोबर घेऊन रस्त्यावर निघाल्या. शिंप्याचं दुकान, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची केस कापणारी, एकही दार सोडलं नाही. “सतरा नंबर पुन्हा सुरू झाला बरं का. माझ्या दुधात काही नव्हतं. हिच्या हिशेबात होतं. सांग गं.” आणि ती प्रत्येक दारात सांगत होती, “हो, माझीच चूक.” इतक्या आनंदाने स्वतःची बदनामी कुणी करून घेतली नसेल. तिसऱ्या दारापासून तर ती मधेमधे तपशीलही भरायला लागली, तेव्हा सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं, “तू फक्त चूक सांग.”

चिकटोबाची कळ पुढच्या सोमवारी सैल झाली, आणि ‘सगळ्यांत थोडं थोडं’ हेही एक उत्तर असू शकतं हे त्याला शिकवण्यात आलं. त्याने नाव घेतलेला कॅन एकटा तपासल्याशिवाय परत पाठवायचा नाही, असा नवा नियम मॅनेजरने केला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; हा तर डेअरीचा मॅनेजर होता.

पण त्या शनिवारी संध्याकाळी सासूबाई स्वतः गोठ्यात बसल्या. काळीच्या पाठीवर थाप मारली, बादली गुडघ्यांत धरली आणि थांबल्या. सून शेजारी उभी होती.

“विचार ना,” सासूबाई म्हणाल्या.

“काय विचारू?”

“औषध दिलं का म्हणून.”

“आई, आता कशाला? आता तर सगळं—”

“तू विचार.”

तिने घसा खाकरला. “आई, गाईला औषध दिलं होतं का?”

“नाही दिलं,” सासूबाई ठणकावून म्हणाल्या, आणि खाली वाकून दूध काढायला लागल्या.